एक्सेलमध्ये शब्द आणि आकडा एकाच सेलमध्ये जोडला की कॉमा, तारीख सगळं उडतं, काय करू?

निफाडचा_पोरगा (रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षापर्यंत बाबा वहीतच लिहायचे, यंदा मी हौसेनं एक्सेलची शीट केली. ए मध्ये तारीख, बी मध्ये क्रेट, सी मध्ये किलो, डी मध्ये दर, ई मध्ये रक्कम. इथपर्यंत एकदम झकास दिसतं, तारीख १२-०२-२०२५ अशी, दर ३८.५० असा आणि रक्कम ३,२७,२५०.०० अशी.

आता मला एफ मध्ये एक अख्खं वाक्य पाहिजे, जे कॉपी करून व्यापाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकता येईल, तेच बाबांना आणि तेच आमच्या वाटेकऱ्याला. म्हणून असं लिहिलं (इथं देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे आहेत):

="दि. "&ए२&" रोजी "&बी२&" क्रेट, "&सी२&" किलो, दर "&डी२&", एकूण "&ई२

आणि आलं काय तर:

दि. ४५७०० रोजी ४२५ क्रेट, ८५०० किलो, दर ३८.५, एकूण ३२७२५०

मी न बघता तसंच पाठवून दिलं. व्यापाऱ्याचा फोन, "दादा हा ४५७०० काय गाडीचा नंबर आहे का?" आणि बाबा म्हणतात पन्नास पैशातलं शून्य कुठं गेलं. एफ सेलला करन्सी फॉरमॅट लावून बघितला, डेट लावून बघितला, ढिम्म हलत नाही. काय चुकतंय?

तर्रीबाज (रात्री ९:५२)

हाताने टाइप कर भो, किती क्रेट असतात दिवसाला 😄

निफाडचा_पोरगा (रात्री ९:५५)

दिवसाला चार पाच एंट्र्या, आणि हंगाम एप्रिलपर्यंत. हातानेच करायचं तर वही काय वाईट होती.

हिशोबनीस_सातपूर (रात्री १०:१५)

तुझं काही चुकलेलं नाही, अँड चिन्हाचा स्वभावच तसा आहे. सेलमध्ये असतो तो आकडा आणि वरून दिसतं ते त्याचं सोंग. आकडा घरातला माणूस, फॉरमॅट म्हणजे लग्नाला जाताना बांधलेला फेटा. अँड चिन्ह दारातच फेटा काढून ठेवायला लावतं आणि बिनफेट्याच्या माणसालाच आत घेतं. म्हणून कॉमा गेले, रुपयाचं चिन्ह असतं तर तेही गेलं असतं, आणि ३८.५० मधलं शेवटचं शून्य गेलं, कारण ते शून्य आकड्यात कधी नव्हतंच, ते फॉरमॅटनं दाखवलेलं होतं.

तारखेचं तर अजून मजेशीर. एक्सेल तारीख म्हणून काही ठेवतच नाही, १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढं दिवस मोजत बसतं. १२ फेब्रुवारी २०२५ हा ४५७०० वा दिवस. म्हणजे व्यापाऱ्याला तू तारीख बरोबरच पाठवलीस, फक्त त्याला ती वाचता आली नाही.

एफ ला फॉरमॅट लावून काही होत नाही कारण एफ मध्ये आता आकडा राहिलेलाच नाही, ते सगळं मिळून एक अक्षरांची ओळ झालीय, आणि नंबर फॉरमॅट अक्षरांना लागत नाही. तेव्हा जोडायच्या आधीच आकड्याला फेटा असा बांधायचा की तो सुटणार नाही. त्याचं फंक्शन टेक्स्ट. पहिल्यांदा सेल, मग स्वल्पविराम, मग अवतरणात फॉरमॅट:

="दि. "&टेक्स्ट(ए२,"डीडी-एमएम-वायवायवायवाय")&" रोजी "&बी२&" क्रेट, "&टेक्स्ट(सी२,"#,##०")&" किलो, दर "&टेक्स्ट(डी२,"०.००")&", एकूण ₹"&टेक्स्ट(ई२,"#,##०")

डीडी म्हणजे इंग्रजी डी दोनदा, वाय चार वेळा, आणि शून्य इंग्रजीतलं. क्रेटला काही लावलं नाही कारण पूर्णांक आहे आणि हजाराच्या आतच राहणार. फॉरमॅटमध्ये शून्य म्हणजे आकडा नसला तरी तिथं ० दाखव, हॅश म्हणजे असेल तर दाखव नाहीतर गप्प बस.

निफाडचा_पोरगा (रात्री १०:३३)

जमलं!! तारीख आली, ३८.५० आलं. खूप आभार. पण रक्कम ३२७,२५० अशी येतेय, कॉमा तीन आकड्यांनंतर. शीटमध्ये ई कॉलम ३,२७,२५० दाखवतो आणि एफ मध्ये इंग्रजांचा हिशोब. बाबांना हे दाखवलं तर म्हणतील तीनशे सत्तावीस हजार म्हणजे किती ते आधी सांग.

हिशोबनीस_सातपूर (रात्री १०:४१)

हो, ते लिहितानाच डोक्यात आलं होतं पण म्हटलं बघू विचारतो का 😀

ई कॉलमला तू फॉरमॅट कुठला निवडलाय? बहुतेक लाखाचे कॉमा आतच बसवलेला कुठलातरी फॉरमॅट असणार. नुसतं "#,##०" मात्र कॉम्प्युटरची सेटिंग काय आहे ते बघून वागतं. तुझ्या लॅपटॉपला अमेरिका असणार, बऱ्याच जणांचं तेच असतं.

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, तिथं ॲडिशनल सेटिंग्ज, तिथं डिजिट ग्रुपिंग, त्यात १२,३४,५६,७८९ असं दिसणारा पर्याय निवड. एक्सेल बंद करून परत उघड. सगळीकडे लाख येतील, टेक्स्ट फॉर्म्युल्यातसुद्धा.

शीटशास्त्री (रात्री ११:०५)

हिशोबनीस काकांचा उपाय सोपा आहे पण मला पटत नाही, कारण ती सेटिंग फाईलमध्ये जात नाही, ती त्या कॉम्प्युटरची असते. पोरानं उद्या हीच फाईल सीएकडे पाठवली आणि त्याच्या मशीनला अमेरिका असेल तर तिथं परत ३२७,२५०. फाईल गावभर फिरणार असेल तर फॉरमॅट फाईलच्या आतच पाहिजे. हा घे:

[>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##०

वाचायला भीतीदायक आहे पण समजायला सोपा. अर्धविरामानं तीन भाग केलेत. पहिला, आकडा कोटीच्या वर असेल तर कॉमा इथं इथं इथं मार. दुसरा, लाखाच्या वर असेल तर इथं. तिसरा, उरलेले सगळे, त्यांना साधा कॉमा पुरतो. उलटी तिरपी रेघ असलेला कॉमा म्हणजे डोकं न चालवता जिथं सांगितलं तिथंच छापायचा कॉमा.

एकच खोट. अशा अटी दोनच देता येतात. म्हणून आकडा उणे असला की तो तिसऱ्या भागात पडतो आणि उणे लाख परत अमेरिकेला जातो. द्राक्षाच्या बिलात उणे येणार नाही, त्यामुळे तुला काळजी नाही.

हिशोबनीस_सातपूर (रात्री ११:१८)

पटलं, फाईल बाहेर जाणार असेल तर तुमचंच बरोबर. पण रोज स्वतःच्याच मशीनवर बसणाऱ्यानं विंडोजची सेटिंग एकदा बदलून टाकावी, आयुष्यभराची कटकट जाते. मी तीस वर्षं हिशोब लिहितोय, तो हॅश-तिरपी-रेघ मंत्र प्रत्येक सेलमध्ये टाकायला सांगितला तर नोकरी सोडेन.

शीटशास्त्री (रात्री ११:२४)

प्रत्येक सेलमध्ये कशाला काका. तो मंत्र एकदा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या सेलमध्ये लिहून ठेवायचा, समजा एच१. मग टेक्स्ट(ई२,$एच$१). फॉर्म्युला पण छोटा राहतो आणि उद्या पैसे दाखवायचे ठरले तर एकाच जागी .०० जोडायचं. एक पथ्य, ०.०० सारखा फॉरमॅट असा सेलमध्ये लिहिला तर एक्सेल त्याला आकडा समजून नुसतं ० करून टाकतं, म्हणून त्याच्या आधी एक सिंगल कोट द्यायचा म्हणजे ते अक्षर म्हणून राहतं.

कांदाचाळ (सकाळी ६:२०)

राम राम. रात्रीतून बरीच चर्चा झाली की. माझं दुखणं थोडं वेगळं आहे पण नातेवाईकच. आमचा माल लासलगावला जातो, वजन काट्यावर किलोत येतं आणि भाव क्विंटलला. माझ्या पुतण्यानं शीट केलीय, त्यानं वजनाच्या कॉलममध्ये सरळ "२३४० किलो" असं टाइप केलंय आणि भावाच्या कॉलममध्ये "१८५० रु". दिसायला चांगलं दिसतं पण खाली बेरीज केली तर ० येते आणि गुणाकार केला तर काहीतरी हॅश लावून इंग्रजीत शिवी देतो. दीडशे ओळी भरून झाल्यात.

हिशोबनीस_सातपूर (सकाळी ७:०५)

राम राम दादा. आकड्याला शब्द चिकटवला की एक्सेलच्या लेखी तो आकडा मेला. बेरीज त्याला बघतच नाही, शेजारून निघून जाते, शिवीसुद्धा देत नाही, आणि हेच जास्त वाईट, कारण दहा ओळींत आठ चांगले आकडे आणि दोन "किलो" वाले असले तर बेरीज येते पण चुकीची येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी झालेलं निस्तरा. वजनाचा कॉलम निवडा, कंट्रोल आणि एच दाबा, वरच्या खणात एक जागा सोडून किलो लिहा, खालचा खण रिकामा ठेवा, रिप्लेस ऑल. भावाच्या कॉलमला तसंच "रु" साठी. पुतण्यानं काही ठिकाणी "कि." आणि काही ठिकाणी "किग्रॅ" लिहिलं असेल तर ते वेगळं शोधावं लागेल. आकडे सेलमध्ये उजवीकडे सरकले की समजायचं जिवंत झाले, डावीकडे चिकटून राहिले की अजून अक्षरच आहेत.

मग कॉलम निवडून कंट्रोल आणि १, नंबर टॅब, सगळ्यात खाली कस्टम, तिथं लिहा:

#,##०" किलो"

आता सेलमध्ये नुसतं २३४० टाइप करायचं, दिसेल २,३४० किलो, आणि आत मात्र आकडाच. बेरीज होते, गुणाकार होतो. रक्कम = वजन भागिले १०० गुणिले भाव. तुमचं २३४० किलो म्हणजे २३.४० क्विंटल, १८५० नं ४३,२९० झाले. हमाली तोलाई काय कापतात ते पुढच्या कॉलममध्ये वेगळं घ्या, रकमेच्या पोटात घालू नका.

कांदाचाळ (सकाळी ७:४८)

झालं! बेरीज आली. पुतण्या झोपलाय, उठल्यावर त्याला दाखवतो. "कि." पाच ठिकाणी निघालं.

शीटशास्त्री (सकाळी ८:३०)

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण लोक या दोन्हीत गल्लत करतात. एका आकड्याच्या मागंपुढं नुसता शब्द लावायचा असेल, किलो, क्रेट, रुपये, तर जोडायच्या भानगडीत पडूच नका, कस्टम फॉरमॅट द्या. चार सेलचं मिळून वाक्य करायचं असेल तरच टेक्स्ट आणि अँड. आणि ते वाक्य नेहमी शेवटच्या कॉलममध्ये, ज्याच्या पुढं कुठलाही हिशोब होणार नाही असं. वाक्यातून परत आकडा ओढून काढायची वेळ आली म्हणजे शीट उलटी बांधलीय. कॉन्कॅटनेट वापरा, टेक्स्टजॉइन वापरा, फेटा सगळेच काढतात, तिथं काही जादू नाही.

सिडकोवाल्या_काकू (सकाळी १०:१०)

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, झाली म्हणजे, कोणी होत नव्हतं म्हणून. २४ फ्लॅट. वरचं सगळं वाचलं आणि कालपासून डोक्याला लागलेला एक भुंगा इथंच सोडते.

टँकरचं बिल १०,००० आलं, ते २४ घरांत वाटायचं. मी भागाकार केला आणि प्रत्येकाला मेसेज तयार केला टेक्स्ट वापरूनच, "आपला हिस्सा ₹४१७". खाली बेरीज १०,०००. सगळं छान. सगळ्यांनी ४१७ दिले आणि पेटीत निघाले १०,००८. आता दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ग्रुपवर विचारतायत की वरचे आठ रुपये कोणाच्या खिशात गेले. शीट १०,००० म्हणते, पेटी १०,००८ म्हणते, आणि मी मधल्या मध्ये चोर ठरतेय.

तर्रीबाज (सकाळी १०:१४)

काकू आठ रुपयांत तर पावसुद्धा एक्स्ट्रा मिळत नाही, त्यांना म्हणावं या मिसळ खायला 😂

हिशोबनीस_सातपूर (सकाळी १०:४०)

ताई, तुमच्या शीटमध्ये हिस्सा ४१७ नाहीच, तो ४१६.६६६६ असा लांबत गेलेला आहे. टेक्स्टनं मेसेजमध्ये गोल करून ४१७ दाखवला, पण बेरजेनं मूळच्याच आकड्याची बेरीज केली. लोकांनी दिलं ते दिसलेलं, शीटनं मोजलं ते असलेलं. चोवीस वेळा तेहतीस पैसे म्हणजे तुमचे आठ रुपये.

पैसे मागायचे असतील तिथं आकडा मुळातच गोल करायचा. हिश्श्याच्या सेलमध्येच राउंड(१००००/२४,०). मग बेरीज पण १०,००८ येईल आणि पहिल्याच दिवशी दिसेल की आठ जास्त येतायत, ते पुढच्या महिन्यात वळते करू असं नोटिशीत लिहून मोकळं व्हायचं. नुसतं दाखवण्यापुरतं गोल करणं हे सोसायटीत भांडणाचं मूळ आहे, मी दोन सोसायट्यांत बघितलंय.

सिडकोवाल्या_काकू (सकाळी ११:०२)

अहो इतकं साधं. रविवारी मीटिंग आहे, प्रोजेक्टरवरच दाखवते त्यांना तेहतीस पैसे.

अजून एक. थकबाकीच्या यादीत काहींचं येणं आहे, काहींनी आगाऊ भरलंय त्यांचं आपणच देणं लागतो. ते मी उणे दाखवते, पण लोकांना उणे म्हणजे काय कळत नाही, एका आजोबांना वाटलं दंड लावला.

शीटशास्त्री (सकाळी ११:२०)

हे फॉरमॅटमध्येच होतं, इफ लावायची गरज नाही. फॉरमॅटचे अर्धविरामानं भाग करता येतात, अट दिली नाही तर पहिला भाग अधिक आकड्यांचा, दुसरा उणे, तिसरा शून्याचा. म्हणून एच१ मध्ये लिहा:

#,##०" येणे";#,##०" जमा";"निरंक"

आणि मेसेजमध्ये टेक्स्ट(बी२,$एच$१). १२०० असेल तर १,२०० येणे, उणे ५०० असेल तर ५०० जमा, शून्याला निरंक. दुसऱ्या भागात उणे चिन्ह तुम्ही लिहिलंच नाही म्हणून ते छापलं जात नाही. हाच फॉरमॅट सरळ फॉर्म्युल्यात कोंबायचा असेल तर आतली प्रत्येक अवतरणं दोनदा द्यावी लागतात आणि मग मोजत बसायचं किती झाली, म्हणून सेलमध्ये ठेवलेलं बरं. हाच कस्टम फॉरमॅट थेट कॉलमला दिला तरी चालतो.

अंबड_रात्रपाळी (दुपारी ३:४५)

आत्ता उठलो. मी अंबडला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, ओव्हरटाइमची शीट माझ्याकडं. एका पोराचे महिन्याचे तास २७:३० होतात, बेरीज केली तर एक्सेल ३:३० दाखवतंय, आणि मेसेजमध्ये जोडलं तर १.१४५८३३३३३३ असं काहीतरी. पोरगं म्हणतंय साहेब माझे चोवीस तास खाल्ले.

हिशोबनीस_सातपूर (संध्याकाळी ५:१०)

खाल्ले नाहीत, दिवस समजून बाजूला ठेवले. वेळ म्हणजे एक्सेलला दिवसाचा तुकडा, बारा तास म्हणजे ०.५. सत्तावीस तास तीस मिनिटं म्हणजे एक दिवस आणि वर साडेतीन तास, घड्याळ दाखवताना तो एक दिवस दिसत नाही. तासाला चौकटी कंस दिला की ते तास पुढं मोजत राहतं: टेक्स्ट(बी२,"[एच]:एमएम"), २७:३० येईल. कॉलमच्या बेरजेलाही हाच फॉरमॅट द्या.

पगार काढताना मात्र २४ नं गुणायला विसरू नका. तासाला ८० दिले तर बी२*२४*८०, म्हणजे २,२००. चोवीस विसरलात तर ९१ रुपये ६७ पैसे येतील, मग पोरगं खरंच भांडेल.

निफाडचा_पोरगा (संध्याकाळी ७:३०)

दिवसभर खुडणी होती, आत्ता धागा बघितला, एवढं पुढं गेलं! शीटशास्त्रींचा लाखाचा फॉरमॅट लागला, ₹३,२७,२५० येतंय.

अजून तीन प्रश्न, रागावू नका. एक, आजोबांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी मराठी आकडे येतील का. दोन, पावतीवर "अक्षरी रुपये" लिहायचं असतं, त्याचा फॉर्म्युला. तीन, रक्कम तेवढी ठळक करता येईल का वाक्यात.

शीटशास्त्री (रात्री ८:१५)

एक. एक्सेलमध्ये येतात. फॉरमॅटच्या आधी [$-४०००४३९] लिहायचं, म्हणजे टेक्स्ट(बी२,"[$-४०००४३९]०"). हा कोड हिंदीचा आहे पण देवनागरी आकडे आपले आणि त्यांचे सारखेच. महिन्याचं नाव मराठीत पाहिजे असेल तर मराठीचा कोड [$-४४ई], शेवटचं ई इंग्रजी, आणि पुढं डी एमएमएमएम. फेब्रुवारी असं लिहून येतं. डीडीडीडी दिलंस तर वार येतो, तुझा १२ तारखेचा बुधवार.

दोन. नाही. रुपयासाठी तयार फंक्शन नाही, मॅक्रो (एक्सेलच्या आतला छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो. गंमत म्हणजे थायलंडच्या बाथसाठी आहे, बाथटेक्स्ट नावाचं, आकडा दिला की थाई लिपीत अक्षरी रक्कम काढून देतं. एवढ्या मोठ्या देशाचा रुपया राहिला आणि बाथ बसला खुर्चीत.

तीन. नाही. सेलमध्ये फॉर्म्युला असेल तर त्यातला एक तुकडा ठळक किंवा लाल करता येत नाही, सगळा सेल करावा लागतो. हातानं टाइप केलेल्या मजकुरालाच तसं करता येतं.

तर्रीबाज (रात्री ८:३२)

थांबा थांबा, तिसऱ्याला माझ्याकडं तोड आहे, इतका वेळ नुसता टवाळक्या करत होतो. त्याला कागदावर ठळक नकोय, व्हॉट्सॲपवर पाहिजे ना? व्हॉट्सॲपमध्ये दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की ठळक होतं. मग चांदणीच जोड की:

..."एकूण *₹"&टेक्स्ट(ई२,$एच$१)&"*"

सेलमध्ये चांदण्या दिसतील, मेसेजमध्ये ठळक होईल. फक्त चांदणी आणि रुपयाच्या मध्ये जागा सोडू नको, नाहीतर तिथंही चांदणीच दिसते.

शीटशास्त्री (रात्री ८:३६)

मानलं. हे सुचलंच नव्हतं.

अंबड_रात्रपाळी (रात्री ८:५०)

कॉपी पेस्ट तरी कशाला, हायपरलिंक फंक्शननं व्हॉट्सॲपची लिंकच बनवायची, मेसेज लिंकमध्येच भरायचा, क्लिक केलं की चॅट उघडतं. मी शिफ्टच्या मेसेजला करतो.

शीटशास्त्री (रात्री ९:०५)

तुमचे मेसेज इंग्रजीत असणार. एक्सेलच्या हायपरलिंकमध्ये लिंक २५५ अक्षरांच्या पुढं गेली की एरर येते, आणि मराठी मजकूर लिंकमध्ये भरताना एका एका अक्षरचिन्हाची नऊ नऊ अक्षरं होतात. काना मात्रा वेलांटी सगळे वेगळे मोजले जातात. "द्राक्ष" एवढ्या शब्दालाच सात चिन्हं, म्हणजे त्रेसष्ट अक्षरं गेली. पोराचं वाक्य अर्ध्यातच दम तोडेल. त्यानं कॉपी पेस्टच करावं.

आणि पोरा, वाक्यात ओळी पाडायच्या असतील तर कॅर(१०) जोड आणि सेलला रॅप टेक्स्ट लाव. पण मग सेल कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलास की पूर्ण मजकुराच्या दोन्ही टोकांना अवतरण चिन्हं चिकटून येतात, ती पुसायची. मी सरळ एका ओळीतच ठेवतो.

निफाडचा_पोरगा (रात्री १०:२०)

केलं सगळं. आत्ता व्यापाऱ्याला गेलेला मेसेज:

दि. १२-०२-२०२५, बुधवार. ४२५ क्रेट, ८,५०० किलो, दर ३८.५०, एकूण *₹३,२७,२५०*

चांदण्या तिकडं गेल्यावर गायब, रक्कम ठळक. आजोबांची वेगळी ओळ केलीय मराठी आकड्यांत, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले दर कमी लागलाय.

व्यापाऱ्यानं फक्त अंगठा पाठवलाय. पैशाचं विचारलं तर निळ्या टिका आल्या आणि पुढं काही नाही.

कांदाचाळ (रात्री १०:४१)

अंगठ्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव बाळा. आणि शीटमध्ये "मिळाले" असा अजून एक कॉलम घाल, तारखेसकट.

सिडकोवाल्या_काकू (रात्री ११:१५)

येणे/जमा वाला फॉरमॅट त्याच कॉलमला चालेल रे तुला. माझी यादी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं निघालं: ६५० येणे.